तळघरात बसवलेलं तळं

“बस यायची आहे का तुमची? कोणाची वाट बघताय रे तिथं उभं राहून?”

अक्का शेवटच्या रांगेतून ओरडत होत्या. बंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या त्या जुन्या नाट्यगृहाची शेवटची रांग रंगमंचापासून इतकी लांब आहे, की तिथे बसणाऱ्याचा पिनकोड वेगळा असावा असा माझा अंदाज आहे. पण अक्कांचा आवाज तिथून निघाला, आमच्या डोक्यांवरून गेला आणि मागच्या पडद्याला लागून, पडदा हलवून मगच थांबला. पडदा हलला हे मी शपथेवर सांगते. माझ्या बाकीच्या बोलण्यातलं थोडंफार कमी करून घेतलंत तरी चालेल, एवढं मात्र कमी करू नका.

रंगमंचावर मधोमध आमची नायिका उभी होती. दहावी झालेली, शिडशिडीत मुलगी. एक ओळ गाऊन ती थांबली होती. तिच्यामागचा कोरस थांबला होता. बाजूला पेटी घेऊन बसलेली मी, भात्यावर हात ठेवून, थांबले होते. आम्ही सगळे मिळून छताकडे बघत होतो. का, ते विचारलं असतं तर आमच्यातल्या एकालाही सांगता आलं नसतं.

“पुन्हा घ्या,” अक्का म्हणाल्या.

मुलगी गायली, “तळ्या, मागे फिर...” आणि थांबली. आम्ही थांबलो. मग “घाट तुझा कोरडा...” आणि पुन्हा सगळा गाडा उभा.

“आणि ही गातेय काय? मला नुसते ओठ हलताना दिसतायत. गाणं म्हणतेस का मासा गिळतेस गं?”

प्रयोग परवावर आला होता.

आता हे सगळं काय होतं ते सांगते. अक्का दर उन्हाळ्यात मुलांचं संगीत नाटकाचं शिबिर घेतात. शाळा सुटल्या की सुरू, आणि शाळा भरायच्या आत एक कोरं करकरीत नाटक, गाण्यांसकट, तिकिटांसकट. नाटक अक्का लिहितात, चाली अक्का लावतात, ओरडतातही त्याच. त्या कुणाच्याच सख्ख्या अक्का नाहीत, पण मल्लेश्वरममधल्या अर्ध्या रस्त्यांच्या अक्का आहेत. त्यांचं मराठी घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी घोड्यांवर बसून या गावात आलं. चार दिवसांत परत जायचं म्हणून घोडे बाहेरच बांधून ठेवले होते, पण जाणं लांबत गेलं आणि शेवटी घोडेही कन्नड बोलायला लागले. हे त्या सांगतात, मी नाही.

मी नागपूरची. कंपनीने उचलून शहराच्या दुसऱ्या टोकाला, व्हाइटफील्डला आणून टाकलं. मुलाला शिबिरात सोडायला म्हणून गेले आणि पेटी वाजवता येते हे चुकून तोंडातून गेलं. तेव्हापासून माझे उन्हाळे अक्कांच्या मालकीचे झाले. त्या मला नावाने हाक मारत नाहीत. “ए नागपूर, काळी दोन धर,” एवढंच. ऑफिसच्या सकाळच्या मीटिंगा मी पेटीमागे बसून, कानात इअरफोनचे बोळे कोंबून उरकते. एकदा म्यूट करायचं राहिलं, तर पलीकडचे अमेरिकेतले साहेब म्हणाले की तुमच्या होल्डचं संगीत आमच्यापेक्षा चांगलं आहे. मुलगा दुसऱ्याच वर्षी कंटाळून क्रिकेटला गेला. मी अजून तिथेच आहे.

का आहे, ते त्या शिबिराच्या रीतीत आहे. इतर ठिकाणी ज्याचा आवाज मोठा, त्याला मोठी भूमिका. अक्कांकडे आधी पाय व्हावं लागतं. हत्तीचा पाय, पलंगाचा पाय, काहीच नसेल तर टेबलाचा. पाय चांगला झाला की पाठ, पाठ चांगली झाली की झाड, विहीर, दरवाजा. तोंड शेवटी. आणि दहावी झालेल्यांमध्ये ज्याने सगळ्यात जास्त उन्हाळे पाय होऊन काढले, त्याला नायकाचं काम. गाता येत असो, नसो. आईबाप येऊन सांगतात की आमची मुलगी टीव्हीवर गाऊन आली आहे. अक्का विचारतात, “सरी, पण ती वाकून किती वेळ उभी राहते?” सरी म्हणजे कन्नडमध्ये बरं, ठीक.

आमच्या या नायिकेइतकं वाकून कुणीच उभं राहिलं नव्हतं. ती पहिल्यांदा आली तेव्हा आमच्या नाटकात राजाला पाठीवर घ्यायला नकार देणारा हत्ती होता. त्याचे चार पाय चार शाळांतून आलेले. एका पायाला फक्त कन्नड यायचं, एकाला तमिळ, एक इंग्रजीशिवाय हलायचा नाही, आणि मागचा डावा पाय ही. ‘उजवीकडे वळा’ म्हटलं की हत्ती चारी दिशांना जायला निघायचा आणि जागच्या जागी फाटायचा. प्रयोगात मात्र हत्ती असा वळला, असा झुलत गेला, की माझ्या डोळ्यांसमोर एका आजोबांनी उठून त्याला नमस्कार केला. नंतर कळलं की ती आतल्या अंधारात चार भाषांत कुजबुजत हत्ती हाकत होती. तेव्हा होती केवढी, एवढीशी. पुढच्या वर्षी ती कधी खोटं न बोलणाऱ्या रिक्षाच्या मीटरमागचं चाक झाली, मग आंब्याचं खोड, मग लाट. तिची लाट बघून एकदा पहिल्या रांगेतल्या बाईने साडी वर उचलली होती.

तिचा बाप मल्लेश्वरममध्येच स्टीलच्या भांड्यांचं दुकान चालवतो. तोही अक्कांसारखाच जुन्या मराठी घरातला, पण आपल्या वाटणीचे सगळे शब्द अक्कांना देऊन मोकळा झालेला माणूस. दरवर्षी प्रयोगाला तो उशिरा यायचा, दाराजवळ शेवटच्या रांगेत बसायचा, आणि शेवटचं गाणं संपता संपता दुकान उघडायला पळायचा. आणि दरवर्षी घरी जेवताना तिला विचारायचा, “त्यात तू कुठं होतीस?” ती सांगायची, हत्तीत होते, अप्पा. खोडात होते. तो म्हणायचा, “असं का.”

या वर्षी तिला तोंड मिळालं. नाटक होतं शहरावर रुसून निघून गेलेल्या तळ्याचं. एक मुलगी त्याला शोधत जाते आणि परत बोलावते, त्यातली ती मुलगी. कळलं त्या दिवशी तिने दुकानात जाऊन बापाला सांगितलं, “या वर्षी शोधायला लागणार नाही, अप्पा. मागं बसला तरी माझा आवाज येईल.” हे तिनेच मला सांगितलं, मेट्रोत, खिडकीकडे बघत. असं काहीतरी तिने आयुष्यात पहिल्यांदाच कबूल करून ठेवलं होतं.

मेट्रोत का, तर दरवर्षी ज्या शाळेच्या हॉलमध्ये तालमी व्हायच्या, तिथली फरशी उखडली होती. दुसरी जागा मिळेना. मी आपलं सहज म्हटलं की आमच्या सोसायटीच्या पार्किंगचं खालचं तळघर दिवसा जवळजवळ रिकामं असतं. अक्का म्हणाल्या, “सरी.” दुसऱ्या दिवसापासून मल्लेश्वरमची पोरं रोज सकाळी मेट्रो बदलत व्हाइटफील्डला यायला लागली, आणि त्यांना आणायला-पोचवायला मीही बरोबर असायचे. गाडीत आवाज करायचा नाही म्हणून अक्का त्यांच्याकडून नुसते ओठ हलवून गाणी म्हणवून घ्यायच्या. के. आर. पुरमला गर्दीतून आत शिरणारी ऑफिसची माणसं समोर वीसेक पोरं आवाजाशिवाय आ वासताना बघायची आणि आपले कान गेले की काय म्हणून कानात बोट घालून बघायची.

आणि ते तळघर. काय सांगू तुम्हाला त्या तळघराचं. तिथे तुम्ही साधं शिंकलात तर दरबारात आल्यासारखं वाटायचं. एक सूर सोडला की तो खांबाखांबाला भेटून, वाटेत चार भावंडं गोळा करून, वाजतगाजत परत यायचा. कोरसने वरचा सा लावला की कडेच्या तीन गाड्यांचे भोंगे आपोआप सुरू व्हायचे. पुढे पुढे त्या भोंग्यांची पट्टी सापडली, म्हणून आम्ही गाणंच अर्धा सूर वर नेलं. सोसायटीचे सेक्रेटरी तक्रार करायला खाली आले आणि बायकोला बोलावून आणून, दोघं डिकीवर बसून ऐकत राहिले. आणि त्या मुलीचा आवाज? तसा तो खरं तर वाटीत मावेल एवढा. गोड, सुरेल, पण वाटीतला. तळघरात तो घंगाळं भरून परत यायचा. ती स्वतःच दचकून हसायची. मीही मनातल्या मनात तिला मोठमोठे हार घालून ठेवले होते.

तर आता पुन्हा नाट्यगृहात या. अक्का शेवटच्या रांगेतून उठून तरातरा पुढे आल्या, रंगमंचावर चढल्या आणि त्यांनी एक टाळी वाजवली. टाळी गेली ती गेलीच. गादीत दगड पडावा तसं. त्यांनी खाकरून बघितलं. तेही परत आलं नाही.

“कळलं काय ते,” अक्का म्हणाल्या. “ए नागपूर, तुझं तळघर गात होतं. पोरं नाही. ओळ म्हटली की भिंती परत म्हणतील म्हणून यांनी भिंतींना जागा ठेवलीय. इथल्या भिंती मुक्या आहेत.”

मी लगेच स्पष्ट केलं की तळघर माझं नाही, सोसायटीचं आहे.

खरंच तसंच झालं होतं. सगळा उन्हाळा आम्ही ओळ म्हणायची, ती फिरून यायची वाट बघायची, मग पुढची घ्यायची, असं गात आलो होतो आणि कुणाला पत्ताच नव्हता. पेटी वाजवणाऱ्या मलासुद्धा. नाटक दीड तासाचं होतं. त्यातला निम्मा वेळ छताकडे बघण्यात जात असावा.

तेवढ्यात पालकांतर्फे एक जण पुढे आले. हे पुण्याचे, आमच्याच सोसायटीतले, कुठल्याशा कंपनीत प्रॉडक्ट मॅनेजर. माणूस वाईट नाही, पण स्वयंपाकघरातही प्रेझेंटेशन देईल असा.

“अक्का, लेट्स बी प्रॅक्टिकल. कॉलर माईक लावू. मी आजच्या आज अरेंज करतो. प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड.”

“माईक नाही,” अक्का म्हणाल्या. “माईक लावला की पोरं माईकशी बोलतात. समोर माणसं बसलीत ते विसरतात.”

“ओके, फेअर. मग बॅकअप हवा ना? माझी मुलगी रेडी आहे. तिला सगळी गाणी पाठ आहेत. आणि तिचा आवाज, यू नो, पोचतो.”

हे खरं होतं. सगळ्यांनी सगळं पाठ करायचं हीसुद्धा अक्कांचीच रीत, आणि त्यांच्या मुलीचा आवाज नाट्यगृहातून निघून भाजी बाजारापर्यंत पोचला असता. ती बिचारी शरमून दुसरीकडे बघत होती.

“तुमची मुलगी पायरी आहे,” अक्का म्हणाल्या. “घाटाची तिसरी पायरी. फार चांगली पायरी आहे, मुळीच हलत नाही. तिला आणखी दोन वर्षं पायरी राहू दे.”

मग त्या नायिकेकडे वळल्या. अक्कांचं ओरडणं ज्यांनी ऐकलंय त्यांना खोटं वाटेल, पण त्या अगदी हळू बोलल्या. “पुट्टी, तू सांग. माईक लावू?” पुट्टी म्हणजे कन्नडमध्ये बाळी, छोकरी. ती शिबिराला आली तेव्हापासून अक्का तिला तेच म्हणतात.

मुलीने मान हलवली. “नको. माईक लावला तर अप्पा म्हणतील टेप लावली होती.”

“मग पोचवायला लागेल.”

“हो.”

“शेवटच्या रांगेपर्यंत.”

“हो, अक्का.”

पुण्याचे गृहस्थ माझ्या कानाशी म्हणाले, “हे वर्कआउट होणार नाही.” माझ्या मनातही तेच होतं, पण पुण्याच्या माणसाला तसं लगेच हो म्हणणं नागपूरच्या माणसाला जमत नाही. मी म्हटलं, “बघा तर खरं.”

त्या दिवशी अक्कांनी काय मेहनत घेतली, ते लिहून पटणार नाही. कोरसला पाठीला पाठ लावून गोल बसवलं, मधे एक नारळ दिला. नारळ ज्याच्या हातात त्याने ओळ घ्यायची आणि संपायच्या आत नारळ पुढे. थांबला की नारळ पायावर. जेवणाच्या सुट्टीपर्यंत पोरांचं थांबणं गेलं. दोघांचे अंगठे निळे पडले, एवढंच. मग सगळ्यांना बाजूला करून अक्का मुलीसमोर पहिल्या रांगेत बसल्या.

“मला सांग,” त्या म्हणाल्या. “गाऊ नको. सांग.”

ती गायली. अक्का उठून दुसऱ्या रांगेत गेल्या. पुन्हा गायली, अक्का तिसऱ्या रांगेत. प्रत्येक रांगेतून त्या एकच ओरडायच्या, “आलं,” आणि मागे सरकायच्या. “गळा दाबू नको. पाठीतून काढ. हत्ती कुठून उचललास? तिथूनच काढ.” मी तिच्यासाठी पेटी इतकी हळू केली की शेवटी माझी मलाच ऐकू येईना. अर्ध्या नाट्यगृहापर्यंत ती पोचली. अर्धं म्हणजे अगदी मधला मोठा खांब. त्याच्या पलीकडे अक्का बसल्या आणि गप्प झाल्या. मुलगी गायली. अक्का गप्प. पुन्हा गायली. गप्प. तिसऱ्यांदा गाताना तिचा आवाज फाटला आणि डोळे भरून आले. तिने ते फ्रॉकच्या बाहीने पुसले आणि विचारलं, “परत घेऊ?”

वाटीत घंगाळ्याचं पाणी कसं मावणार? मी पेटीचा भाता बंद करायला घेतला होता. पायरी झालेली ती मुलगी बाजूला उभी राहून रडत होती, की माझ्यामुळे हिचं काम जातंय.

आणि करंट गेला.

बंगळूरात दिवसा करंट जाणं ही काही सांगण्यासारखी गोष्ट नाही. पण त्या नाट्यगृहाचे पंखे सांगण्यासारखे आहेत. लांबलचक दांड्यांना लटकलेले, विमानाला लावून उरलेले असावेत असे, आणि ते फिरताना असा घरघराट करायचे की पहिल्या तासानंतर माणसाला तो ऐकूच येईनासा व्हायचा. ते सगळे हळूहळू गरगरत थांबले. दिवे गेले तरी मुलगी गातच होती, कारण तिला कुणी थांब म्हटलं नव्हतं. काळोखातून, मागच्या कुठल्यातरी रांगेतून, अक्कांचा आवाज आला.

“आलं.”

मग खुर्च्या सारल्याचा आवाज, आणि आणखी लांबून, “आलं.” आणि मग दाराजवळून.

करंट परत आला तेव्हा अक्का शेवटच्या रांगेत उभ्या होत्या आणि छताकडे बघत होत्या. “फॅन कुणी घालू नका,” त्या म्हणाल्या. घालू नका म्हणजे लावू नका, हे इथलं मराठी.

व्यवस्थापक धावत आले. मे महिना, परवा सगळं नाट्यगृह भरलेलं, दारं बंद आणि पंखे बंद? माणसं बेशुद्ध पडतील. मीही म्हटलं, “अक्का, मरतील लोक.”

“सगळ्या नाटकभर नाही. एका गाण्यापुरते. स्वल्प घाम येऊ दे. ऐकून मरतील.”

आणि त्या मुलीला त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला अजून आठवते. कोरसचं थांबणं नारळाने घालवलं होतं, पण हिचं या एका गाण्यात अजून थोडं उरलं होतं. ती म्हणाली, “ओळ झाली की मी थांबतेच अजून, अक्का.” अक्का म्हणाल्या, “थांब की. तू तळ्याला हाक मारतेस ना? हाक मारणारं माणूस थांबतंच. फक्त वर बघू नको, समोर बघ.”

प्रयोगाच्या दिवशी नाट्यगृह इतकं भरलं होतं की भिंती बाहेरच्या बाजूला थोड्या फुगल्या होत्या. नाटक धावत सुटलं. नारळाच्या धाकाने कोरस असा गात होता की मला पेटी घेऊन मागे पळावं लागत होतं. तिसरी पायरी जागची हलली नाही. तळं रुसलं, गेलं, म्हणजे निळ्या साड्या गुंडाळून आठ पोरं प्रेक्षकांतून बाहेर चालती झाली, आणि खरंच सगळं सुनं वाटायला लागलं. मी दर दोन मिनिटांनी दाराकडे बघत होते. शेवटच्या रांगेतली दाराजवळची खुर्ची रिकामी होती.

मग मुलगी एकटीच पुढे आली. त्याच वेळी अक्का बाजूच्या भिंतीने चालत स्विचबोर्डापाशी गेल्या आणि एकेक बटण बंद करायला लागल्या. पंखे मंदावले. लोक वर बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, “एन्रि, करंट?” म्हणजे काय हो, करंट गेला की काय. कुणी हातातल्या तिकिटाने वारा घ्यायला लागलं. अक्कांनी त्या माणसाकडे फक्त बघितलं. तिकीट खिशात गेलं. शेवटचा पंखा थांबला, आणि नाट्यगृहात इतकी शांतता झाली की मला माझ्या शेजारच्या तबलजीच्या मनगटातलं घड्याळ ऐकू आलं. मुलगी गायला लागणार, तेवढ्यात दार किलकिलं झालं आणि तिचा बाप आत आला. दुकानाच्याच शर्टात. हळूच खुर्चीत बसला.

“तळ्या, मागे फिर,” ती गायली.

आणि थांबली.

मी आयुष्यात फार गवई ऐकलेत, आणि न ऐकलेल्यांबद्दलही बरंच सांगत असते. पण एवढ्याशा आवाजाला एवढी मोठी जागा मिळालेली मी कधी पाहिली नाही. सगळे जण घामाने निथळत, श्वाससुद्धा मोजून घेत बसले होते. बाहेरच्या रस्त्यावरची रिक्षा इंजिन बंद करून उतारावरून तशीच गेली असावी, कारण तिचाही आवाज आला नाही.

“घाट तुझा कोरडा,” ती गायली, आणि समोर बघत थांबली.

तेव्हा मधल्या खांबापाशी बसलेले एक म्हातारबाबा, ज्यांना मराठीचं अक्षर कळत नसावं पण कुणीतरी बोलावतंय एवढं नक्की कळलं होतं, मोठ्याने म्हणाले, “बंदे, बंदे.” आलो, आलो.

सगळं नाट्यगृह हसलं. मी म्हटलं, आता हिचं गाणं गेलं. पण ती हलली नाही. घाई केली नाही, हसली नाही, वर बघितलं नाही. हशा पूर्ण विरेपर्यंत, हत्तीच्या आत वाकून उभी राहायची तशी, ती उभी राहिली. आणि मग पुढची ओळ आधीपेक्षा हळू घेतली. “मासे माझ्या ओंजळीत आहेत.” हळू. मला वाटलं, वेडी आहे ही पोरगी. पण लोक पुढे झुकले. रांगच्या रांग पुढे झुकली. वारा लागल्यावर शेत वाकतं तसं, फक्त वारा नव्हता. आणि तळं, निळ्या साड्यांतली आठही पोरं, दारातून आत आलं, ते तिच्या बापाच्या खुर्चीला घासूनच.

टाळ्यांबद्दल मी सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही म्हणाल नागपूरची बाई वाढवून सांगते. एवढंच, की पंखे सुरू झालेत हे टाळ्या थांबेपर्यंत कुणाला कळलं नाही. पुण्याचे गृहस्थ माझ्याजवळ आले, डोळे पुसत. “आय मीन,” ते म्हणाले, आणि त्यांना पुढचं मराठी सापडेना, इंग्रजीही सापडेना. मग त्यांनी नुसताच नमस्कार केला, मला का ते माहीत नाही, पण मी घेतला.

अक्का मुलीपाशी गेल्या. आता काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून कोरस गोळा झाला. अक्का म्हणाल्या, “सरी.” एवढंच. शिबिरातल्या पोरांना विचारा, त्या सरीसाठी ती बाकीचे सगळे उन्हाळे पाय होऊन काढायला तयार असतात.

मुलगी तोंडावरचा रंगही न पुसता बाहेर पळाली. मी तिच्या मागोमाग, पेटी तशीच टाकून. बाप फाटकाशी स्कूटर स्टँडवरून काढत होता. शर्ट पाठीला चिकटलेला, कपाळ रुमालाने टिपत.

“अप्पा,” ती धापा टाकत म्हणाली, “मागं ऐकू आलं का?”

त्याने रुमालाची घडी केली, खिशात ठेवली आणि स्कूटरला किक मारायला पाय उचलला.

“आलं की,” तो म्हणाला. “सगळं आलं. ते फॅन तेवढे घालायला सांग त्यांना.”